काचेतील रक्तबीज

बदलापूरला समुद्र नाही. उल्हास नदी आहे. ती रागावली म्हणजे काय करते हे गावाने २६ जुलै २००५ रोजी पाहिले, आणि २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकून पडली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. बारवीचे धरण आहे, डोंगर आहेत, उन्हाळ्याच्या अखेरीस जांभळे आहेत. पण समुद्र पाहावयाचा म्हणजे लोकलमध्ये दीड-दोन तास उभे राहून मुंबई गाठावी लागते. म्हणून गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने "गुरुजी, समुद्र बघायला घरी या," असे आमंत्रण दिले, तेव्हा मला वाटले, पोराने नवा दूरदर्शनसंच घेतला असावा.

दूरदर्शनसंच नव्हता. खरोखरीच समुद्र होता. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. काच उल्हासनगरच्या एका कारागिराने जोडून दिलेली. (उल्हासनगरात एखादी वस्तू बनवून मिळेल का, हा प्रश्न आमच्या भागात कोणी विचारीत नाही, केवढ्याला मिळेल, एवढेच विचारतात.) पेटीत अडीचशे लिटर पाणी आणि त्या पाण्यात नऊ-दहा किलो मीठ. हे मीठ स्वयंपाकघरातले नव्हे. समुद्राच्या पाण्यात जे क्षार ज्या प्रमाणात असतात त्या हिशेबाने मिसळलेले, पुड्यांतून विकत मिळणारे. वर निळसर दिवे, कोपऱ्यात पाणी खेळविणारा पंप, मधोमध सिमेंटचे ओबडधोबड खडक, आणि खडकांवर मऊ पोवळ्यांचे हिरवे-जांभळे गुच्छ. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे त्या गुच्छांतून असे हिंडत होते की जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे.

"आणि ही फुले किती सुंदर आहेत रे!" मी म्हणालो. खडकांच्या फटीफटींतून काचेच्या तंतूंची, किंचित तपकिरी झाक असलेली नाजूक फुले उमलली होती. मी कौतुकाने बोट दाखविले ते नेमके त्यांच्याकडे.

त्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, तीच तर कीड आहे. दुसऱ्या कशालाही सुंदर म्हणा."

ही फुले म्हणजे फुले नव्हेत, प्राणी आहेत. इंग्रजीत त्यांना सी ॲनिमोन म्हणतात, मराठीत समुद्रफूल किंवा सागरकुसुम. देठाच्या जागी पोकळ धड, पाकळ्यांच्या जागी डंख मारणारे तंतू आणि मधोमध तोंड. जेवण जाते त्याच दाराने उष्टेखरकटेही बाहेर येते. निसर्गाने त्या बाबतीत काटकसर केली आहे. समुद्रफुलांच्या जाती पुष्कळ, आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी. या पेटीत शिरली होती ती ऐप्टेशिया नावाची. पोवळ्याचा एक तुकडा दुसऱ्या एका छंदिष्टाकडून आणला, त्या तुकड्याच्या बुडाशी तांदळाएवढे एक पिल्लू चिकटून आले. मुलाने ते पाहिले आणि चिमट्याने उपटले. आठ दिवसांनी तेथे पाच होती. मग चाकूने खरवडली. पंधरा दिवसांनी मोजदाद सोडून दिली. कारण असे की या प्राण्याच्या तळव्याचा कणभर तुकडा जरी दगडावर राहिला, तरी त्या कणाला तोंड फुटते, तंतू फुटतात आणि नवा प्राणी उभा राहतो. कोणी कापावयास हवे असेही नाही. चालता चालता तो आपणच आपल्या तळव्याचे कण मागे टाकीत जातो. आणि शेजारी जे पोवळे असेल त्याला डंख मारमारून मिटवितो.

विद्यार्थ्याच्या मातोश्री बाजूलाच खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मी दर नवरात्रात सप्तशती वाचते. हा रक्तबीज आहे, दुसरे काही नाही. जितके थेंब सांडतील तितके राक्षस."

चहा झाल्यावर मुलगा मला जिन्यापर्यंत पोहोचवावयास आला आणि तेथे खरे काय ते बोलला. तो अंबरनाथला एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करतो; पेटीला काय हवे, काय नको, ते त्याला कळते. पेटीत अन्न जास्त पडते आहे. उरलेले अन्न कुजते, आणि त्यावर ही कीड माजते. अन्न टाकते ती आई. वडील गेल्यापासून तिने घराबाहेर पडणे जवळजवळ सोडले होते. ही पेटी आली, आणि ती तिच्यापुढे खुर्ची टाकून बसू लागली. माशांना खाऊ घालू लागली. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, आणि मध्येच कोणी पाहुणे आले की त्यांच्या देखत. "तिला 'घालू नको' असे कसे सांगू, गुरुजी? आणि नाही सांगितले तर दिवाळीपर्यंत पेटी रिकामी करावी लागेल."

शास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला. मी कादंबऱ्या लिहितो आणि चौथीला भागाकार शिकवतो. पण कोणत्याही भांडणात आधी दोन्हीकडची जुनी हकीकत ऐकावी, ही मास्तरकीची सवय. या फुलाची आणि माणसाची ओळख कधीची, हे पाहावे म्हणून मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता असा गुंतलो की हातातली कादंबरी दोन महिने मागे पडली.

समुद्रफुले कापून पाहणारा पहिला मनुष्य आमचा विद्यार्थी नव्हे. फ्रान्समध्ये ल आव्र बंदरात दिकमार नावाचा एक पाद्री होता. त्याने समुद्रफुलांना आडवे कापले, उभे कापले, आणि वरच्या अर्ध्याला खालचा अर्धा फुटतो, खालच्याला वरचा, हे टिपून १७७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ते वाचून त्या काळच्या विद्वानांना आनंद झाला. आपल्या मुलाला रडू येत होते ते ह्याच गोष्टीचे.

पुढची हकीकत इंग्लंडची. तेथे १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काच मध्यमवर्गाच्या घरात आली. दुसऱ्याच वर्षी ॲना थिन नावाची एक बाई टॉर्की येथे समुद्रावर गेली असताना तिला जिवंत पोवळी सापडली. ती तिने सुईदोऱ्याने स्पंजाला टाचून, बरणीत घालून लंडनला आणली. नवरा वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या देवळातला अधिकारी, घरात नोकरचाकर. समुद्राचे पाणी साचून राहिले की त्यातला प्राणवायू संपतो. तेव्हा बाईंनी युक्ती काढली: मोलकरणीने उघड्या खिडकीशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतीत राहावयाचे, रोज. पुढे तिने पाण्यात जिवंत शेवाळ सोडले आणि मोलकरणीचे हात सुटले. घरातल्या समुद्राचा आरंभ हा असा, एका अनामिक मोलकरणीच्या मनगटापासून. इतिहासात नाव बाईंचे आहे, हे सांगावयास नकोच.

हे वाचताना मी पुस्तक मिटून क्षणभर बसलो. कारण हीच गोष्ट मी बदलापुरात ऐकली होती. एका पावसाळी रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. पंप बंद. मुलगा रात्रपाळीला कारखान्यात. मातोश्री रात्रभर पेटीपाशी बसून तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत पेटीत ओतीत राहिल्या. त्यांना कोणी शिकविले नव्हते. "पाणी हलते राहिले पाहिजे, एवढे मला कळत होते," असे त्या म्हणाल्या.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या गृहस्थाने त्यावर एक पुस्तक लिहून 'ॲक्वेरियम' हा शब्द लोकांच्या तोंडी बसविला. या गॉसवर माझा विशेष लोभ आहे. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. तरुणपणी न्यूफाउंडलंडमध्ये कारकुनी केली, कॅनडात शेती करून पाहिली, अमेरिकेत अलाबामा प्रांतात शाळामास्तर झाला, लंडनला परतून पुन्हा मास्तरकीच केली. मग डेव्हनच्या किनाऱ्यावर जाऊन गुडघाभर पाण्यात उभे राहून त्याने समुद्रफुले जमविली, काढली, रंगविली. समुद्र दूर असलेल्यांनी काय करावे म्हणून चार क्षारांचे मिश्रण करून समुद्राचे पाणी घरी बनविण्याची कृतीही त्याने १८५४ साली छापली. बदलापूरच्या पेटीतल्या मिठाचे कुळ शोधीत गेले तर ते या मास्तरापाशी पोहोचते. १८५७ च्या फेब्रुवारीत त्याची पत्नी वारली. सात वर्षांचा मुलगा एडमंड आणि तो असे दोघेच उरले. त्या दुःखाच्या काळात त्याने ब्रिटनच्या साऱ्या समुद्रफुलांचा ग्रंथ हाती घेतला. तो १८५८ ते १८६० पर्यंत भागाभागाने प्रसिद्ध होत होता. मुलगा बोट धरून किनाऱ्यावर बरोबर असे.

आणि आता यातली मौज पाहा. त्याच १८५८ साली गॉसने कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या एका समुद्रफुलासाठी नवे कुळ मांडले आणि त्या कुळाचे नाव ठेविले: ऐप्टेशिया! पेटीतली कीड त्या फुलाची उष्ण समुद्रांत वाढणारी भावकी आहे. शास्त्रज्ञांनी अलीकडे तिच्या नावापुढे एक अक्षरजोड लावून तिला एक्झैप्टेशिया केले असले, तरी छंदिष्टांच्या तोंडी गॉसचेच नाव आहे. ज्या हाताने पेटीचे बारसे केले त्याच हाताने पेटीच्या वैऱ्याचेही केले.

वैरी म्हणून नव्हे, अर्थात. त्या काळी समुद्रफूल हाच पेटीचा राजा होता. मासे मरत, समुद्रफुले मरत नसत. म्हणून बैठकीच्या खोलीत समुद्रफूल असणे ही प्रतिष्ठा. लंडनमध्ये विल्यम ॲलफर्ड लॉइड नावाच्या दुकानदाराने १८५५-५६ च्या सुमारास जिवंत समुद्रफुले आणि समुद्राचे पाणी विकण्याचा धंदा काढला. एडिंबरोच्या सर जॉन डॅलियल यांच्या समुद्रफुलाची हकीकत तर मी मुद्दाम विस्ताराने सांगणार आहे. कारण बदलापूरच्या घरात पुढे जे काही झाले ते तिच्यामुळे झाले.

डॅलियलसाहेबांनी १८२८ साली नॉर्थ बर्विकच्या खडकावरून एक तांबडे समुद्रफूल उचलून काचेच्या बरणीत ठेविले. ही ऐप्टेशिया नव्हे. घराणे वेगळे, पण जात समुद्रफुलाचीच. १८५१ साली साहेब वारले. समुद्रफूल जिवंत. ते दुसऱ्या एका प्राध्यापकांकडे गेले. तेही काही वर्षांनी वारले. समुद्रफूल जिवंत. तिसऱ्या डॉक्टरांनी सांभाळले, मग ते एडिंबरोच्या शाही वनस्पती-उद्यानाच्या रखवालीत गेले. तोपर्यंत त्याचे नाव पडले होते 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई. आजीबाईंना पिले होत ती तोंडावाटे. मध्ये बरीच वर्षे त्यांनी एकही पिल्लू दिले नाही. लोक म्हणाले, वय झाले. आणि १८५७ च्या वसंतात एका रात्रीत त्यांनी दोनशेहून अधिक पिले बरणीत सोडली. लांबलांबून लोक दर्शनाला येत. हजारावर लोकांनी सह्या केलेली भेटीची वही होती. आजीबाई १८८७ च्या ऑगस्टमध्ये वारल्या, तेव्हा स्कॉटलंडच्या मोठ्या वर्तमानपत्राने त्यांचा मृत्युलेख छापला. बरणीतच एकोणसाठ वर्षे काढलेली. खडकावरची वर्षे वेगळी. आणि त्यांचा आहार काय? पंधरा दिवसांतून एकदा, शिंपल्यातल्या मांसाचा अर्धा तुकडा. त्याउपर काही नाही.

या आवडीची किंमत मात्र किनाऱ्याने मोजली. आगगाडीने लोक समुद्रावर येत, खडक फोडीत, बादल्या भरभरून नेत. दहा-पंधरा वर्षांत हौस फिटली. १८६८ साली वुड नावाच्या पाद्री लेखकाने ही साथ येऊन गेल्याची नोंद केली आहे. पेट्या माळ्यावर गेल्या, पण किनारा काही पूर्ववत झाला नाही. गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली वडिलांवर पुस्तक लिहिले. त्यात लहानपणी पाहिलेली ती भरलेली डबकी कशी ओरबाडली गेली हे सांगताना, आपल्या वडिलांच्याच पुस्तकांनी ती लाट आणली, हे तो लपवीत नाही. बापावर प्रेम करणाऱ्या मुलाला हे लिहिताना काय वाटले असेल!

आपल्याकडे शासनाने हे वेळेवर ओळखले म्हणावयाचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, २००१ च्या जुलैत साऱ्या दगडी पोवळ्यांना बसविले गेले. महाराष्ट्राला पोवळी नाहीत अशी आपली समजूत असते. मालवणजवळच्या समुद्रात ती आहेत. तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खोल समुद्रात कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरविणारा आंग्रिया बँक आहे. इतकेच कशाला, मुंबईत सागरी किनारा मार्ग बांधताना २०२० साली हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची पोवळ्यांची अठरा कुटुंबे उचलून दुसरीकडे वसवावी लागली. मी मास्तर, मुलाला आधी कायद्याचेच विचारले होते. त्याच्या पेटीत दगडी पोवळे नाही. जी आहेत ती मऊ जातीची, छंदिष्टांनी आपापल्या पेट्यांत वाढवून एकमेकांना दिलेली. आणि खडक सिमेंटचे आहेत ते त्यासाठीच.

मग हे लाडके फूल कीड केव्हा झाले? त्याला एक शतक लागले. आमच्या शाळेची सहल लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात गेली होती. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते मरीन ड्राइव्हवर उघडले; घरोघरच्या मराठी मुलांनी समुद्राच्या पोटातले पहिल्यांदा पाहिले ते तेथेच. मला तेथले मासे आठवतात, कासव आठवते. त्या काळात जगभर घरगुती खाऱ्या पेट्यांची रीत अशी होती की दगड उकळून, पोवळी वाळवून, सारे निर्जंतुक करून मग मासे सोडावयाचे, आणि माशांना रोग झाला की पाण्यात तांब्याचे औषध घालावयाचे. तांब्याने मासा जगतो, समुद्रफूल मरते. अशा पेटीत चोर शिरणार कोठून?

ते दार उघडले १९६१ साली. जकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थाने एका अमेरिकन मासिकात आपली रीत सांगितली: समुद्रातला जिवंत दगड, त्यावरच्या साऱ्या जीवजंतूंसह, तसाच पेटीत ठेवा, थोडी हवा, थोडे ऊन, बाकी तो दगडच पाणी स्वच्छ ठेवील. रीत बरोबर होती. पुढे जर्मनीतल्या हौशी मंडळींनी ती वाढविली, पीटर विल्केन्स याने १९७० नंतर पोवळ्यांना चुन्याची निवळी पाजण्याची चाल पाडली, आणि घरात जिवंत प्रवाळखडक उभा करता येऊ लागला. पण जिवंत दगड घरात घेतला म्हणजे त्याचे भाडेकरूही आले. गॉसचे ते विसरलेले नाव भिंगाखालून निघून छंदिष्टांच्या शिव्यांत आले ते या वाटेने. मरत नाही, एकाची अनेक होतात, ह्या ज्या गुणांसाठी आजीबाईंना मृत्युलेख मिळाला, त्याच गुणांसाठी हिच्यावर मारेकरी घालतात.

मारेकऱ्यांची यादीही लहान नाही. एक चिमुकली गोगलगाय आहे, बर्घिया नावाची, कवच नसलेली. ती ऐप्टेशियाखेरीज दुसरे काही खातच नाही, आणि शेवटची संपली की स्वतः उपाशी मरते. सप्तशतीतली चामुंडा रक्ताचा थेंब भुईवर पडण्याआधी पिऊन टाकते. ही तशीच, तुकडा न सांडता गिळते. आमच्या मुलाला ती मिळाली नाही. लांब चोचीचा, तांबूस पट्ट्यांचा एक फुलपाखरी मासा मात्र क्रॉफर्ड मार्केटातून आला. त्याने कीड सोडून पेटीतले दुसरे सारे चाखून पाहिले आणि तिसऱ्या आठवड्यात देह ठेवला. लिंबाचा रस झाला, उकळते पाणी झाले.

आणि गंमत अशी की एका खोलीत जिला असे हाल करून मारतात तिला दुसऱ्या खोलीत जपतात. समुद्र तापला की पोवळी आपल्या अंगातले शेवाळ बाहेर टाकतात, पांढरी पडतात आणि मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपने हे भोगले. असे का होते हे शोधावयाचे तर पोवळी फार हळू वाढतात. ऐप्टेशियाच्या अंगातही तसेच शेवाळ असते. ती भराभर वाढते, आणि शेवाळ गेले तरी जगते. म्हणून प्रयोगशाळांनी तिलाच पोवळ्याच्या जागी बसविले. २०१५ साली सौदी अरबस्तानातल्या एका विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तिची सारी जनुके वाचून प्रसिद्ध केली.

आमच्या मुलाजवळ अखेरीस उरला तो चुना. पानाला लावतो तोच. फक्त प्रयोगशाळेतला, शुद्ध. तो थोड्या पाण्यात लापशीसारखा कालवावयाचा. पंप बंद करून पाणी स्थिर करावयाचे. फूल पूर्ण उमलू द्यावयाचे, त्याला अन्नाचा कण दाखवून तोंड उघडावयास लावावयाचे, आणि पिचकारीच्या बोथट सुईने तो चुना नेमका तोंडात सोडावयाचा. धक्का लागला की ते फटीत पळते, आणि मग तळवा जिवंत राहतो. एका दिवशी चार-पाचच; जास्त चुना पडला तर पाण्याचा गुण पालटून मासेच मरतील. कापावयाचे नाही, ओढावयाचे नाही. मुलाने बेत सांगताच मातोश्रींनी पानाचा डबा पुढे केला होता.

पण अन्नाचा प्रश्न होताच. लोकलच्या दारातून उल्हास नदीवरची जलपर्णी आपण सर्वांनी पाहिली आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोहोचली ती तिच्या जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी. १९३६ साली बंगाल सरकारला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्याकडे ती दर वर्षी काढतात, दर वर्षी येते, कारण गावांचे सांडपाणी नदीत येत राहते. पेटीतही हात चुना घालतो आहे आणि दुसरा हात जेवण वाढतो आहे, तर काय उपयोग?

म्हणून मी एका रविवारी पुन्हा गेलो आणि मातोश्रींना आजीबाईंची गोष्ट सांगितली. उपदेश केला नाही. नॉर्थ बर्विक, साहेबांचे मरण, ती रात्र आणि दोनशे पिले, भेटीची वही, मृत्युलेख. त्या तल्लीन होऊन ऐकत होत्या. खाण्याचे मी अखेरीस, सहज म्हणून सांगितले.

"पंधरा दिवसांत एकदा?"

"एकदा. अर्धा तुकडा."

त्या बराच वेळ पेटीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच पोसले म्हणा त्याला." मुलगा काही बोलणार होता, मी त्याला डोळ्याने थांबविले. त्यांनी खाऊची डबी उचलली आणि देवघराजवळच्या फळीवर ठेवली, आणि मला विचारले, माशांना सकाळी एक चिमूट चालेल की नाही. मासे आणि आजीबाई यांची भूक वेगळी, तेव्हा एक चिमूट चालेल, असे मुलाने सांगितले. खुर्ची तेथेच आहे. आता दुपारी त्या भिंग घेऊन बसतात, आणि कोठे नवे फूल उमलले ते मुलाला संध्याकाळी दाखवितात. चुन्याची पिचकारी तो धरतो, फटी त्यांना पाठ आहेत. चार महिन्यांत मऊ पोवळी पुन्हा उघडली. कीड समूळ गेली असे कोणी म्हणत नाही. खडकाच्या मागे एखाददुसरी असतेच.

त्यांतली एक, खडीच्या तुकड्यासकट, मी बरणीत मागून आणली. ती आमच्या वर्गाच्या खिडकीत असते. बरणीतले पाणी बदलले की जुने उकळूनच टाकावयाचे, ही सक्त ताकीद मुलांना आहे. पंधरा दिवसांनी शनिवारी वाळलेल्या जवळ्याचा कण कोण घालणार यावरून भांडणे होतात, म्हणून पाळीचा कागद भिंतीवर लावला आहे. पोरांनी तिचे नाव आजी ठेवले. दिवाळीच्या सुटीआधी बरणी घरी नेताना मी मोजले. अकरा आज्या होत्या.